फ्रिजमधली गरिबी

आमच्या आबांच्या घरातला फ्रिज गेली दहा-अकरा वर्षं बंद आहे, पण रिकामा नाही. वर बर्फाच्या कप्प्यात आधार कार्डं आहेत. मधल्या जाळीवर सातबारा, आठ-अ आणि उत्पन्नाचे दाखले. जुने खाली, नवे वर. दारात अंडी ठेवायचे खळगे असतात, त्यांत पासपोर्ट साइज फोटोंच्या गुंडाळ्या. तळाशी भाजीच्या ट्रेमध्ये खामगावच्या एका साडीच्या दुकानाची जाड पिशवी आणि त्या पिशवीत, प्लास्टिकच्या वेष्टनात, रेशन कार्ड.

कोणी नवखा पाहुणा आला आणि पाण्याच्या बाटलीसाठी त्यानं फ्रिज उघडला, तर तो आधी दचकतो आणि मग पुन्हा अलगद दार लावतो. आबांना त्यात काही वावगं वाटत नाही. "उंदीर शिरत नाई, वायवी लागत नाई, पावसात गयत नाई," असे तीन फायदे ते बोटांवर मोजतात. चौथा फायदा मला उशिरा कळला. या फ्रिजनंच आम्हाला एका योजनेतून बाहेर काढलं होतं, आणि आता तो शिक्षा म्हणून आमची गरिबी सांभाळत होता. ती हकीकत पुढे येईलच.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. आमच्याकडे आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे आधी पिशवी उचलतात, मग माणूस. एकदा शेजारच्या काकूंना रात्री छातीत दुखायला लागलं. सगळं घर धावलं, रिक्षा आली, पिशवी सीटवर ठेवली, पोरं दोन्ही बाजूंनी लटकली आणि रिक्षा निघाली. वेशीपर्यंत गेल्यावर कळलं की काकू घरीच राहिल्या. काकूंना त्याचं फार वाईट वाटलं नाही. "मी नसली तं चालते," त्या म्हणाल्या, "कार्ड नसलं तं कोनी इचारत नाई." दुखणं पित्ताचं निघालं, ही गोष्ट वेगळी.

ही पिशवी एका दिवसात फुगली नाही. १९९९ साली राज्यात तीन रंगांची रेशन कार्डं आली: पिवळं, केशरी आणि पांढरं. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी आणि त्याच्याही वर पांढरं. मी शाळामास्तर असल्यामुळे लगेच भागाकार केला. १५ हजार भागिले ३६५, म्हणजे अख्ख्या घराचे दिवसाला एकेचाळीस रुपये. बेचाळिसावा रुपया आला की घर केशरी. पिवळ्या कार्डाला आणखीही अटी होत्या. घरात टेलिफोन नसावा, चारचाकी नसावी, कुटुंबात कोणी वकील, सीए किंवा डॉक्टर नसावा. घरात डॉक्टर नाही याची आधी खात्री करून घ्यायची आणि मग त्याच कार्डावर डॉक्टर शोधायला पाठवायचं, यातली संगती मला आजही आवडते.

आम्ही तीन भाऊ. थोरले दादा लवकर वेगळे निघाले, त्यांचं कार्ड पिवळं. मधला भाऊ आबांजवळ राहतो, ते केशरी. मी नोकरीला, माझं पांढरं. दिवाळीत तिघं एका पंगतीला बसलो की आबा समाधानानं बघायचे. त्यांच्या मते घरात तिन्ही रंग असले म्हणजे सरकार कुठूनही आलं तरी एक जण सापडतोच. गावात मात्र रंगांची उतरंड उलटी लागली होती. पूर्वी सोयरिकीच्या बैठकीत शेती किती, विहिरीला पाणी किती, असं विचारायचे. पुढे एखादा व्यवहारी मामा हळूच विचारू लागला, "कार्ड कोनतं हाय?" आणि मुलीकडचे "पांढरं" म्हणाले की बैठकीत जरा शांतता पसरायची. पोरगी चांगली होती, पण आजारपणाची सोय नव्हती.

कार्डाचा रंग टिकवायचा तर उत्पन्नाचा दाखला लागतो. आमच्या भागात उत्पन्न ही पाऱ्यासारखी चीज आहे. एकाच शेतकऱ्याचं उत्पन्न सकाळी बँकेत कर्ज मागताना चढतं आणि दुपारी दाखला काढताना उतरतं. ओलाव्याचं सोयाबीन आणि पहिल्या वेचणीचा कापूस तर दाखल्याला विचारूनच पिकतात. आबांनी मला एकदा सांगितलं होतं, "मास्तर, तुह्यं गनित शायेत चालते. दाखल्याचं गनित निरायं असते." त्यांनी आयुष्यात खोटं बोलायचं टाळलं, फक्त कुठलं वर्ष सांगायचं ते निवडलं. आणि कोरडवाहू शेतीत वाईट वर्षांची निवड करायला काय, वर्षं भरपूर असतात.

मग आला दारिद्र्यरेषेचा २००२ चा सर्व्हे. हा आमच्या गावाच्या इतिहासातला सोन्याचा काळ. त्यात १३ प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण गुण ५२. आणि गंमत अशी की ज्याला गुण कमी तो गरीब, म्हणजे तो यशस्वी. मी इतकी वर्षं फळ्यासमोर उभा राहून पोरांना गुण मिळवायला शिकवलं. त्या वर्षी अख्खं गाव नापास व्हायचा अभ्यास करत होतं. संध्याकाळी पारावर उजळणी चाले. कर्ज कोणाकडून घेता? सावकाराकडून, खायला, असं सांगितलं तर शून्य गुण. कर्ज नाही आणि मालमत्ता आहे, असं म्हटलं तर चार, आणि चार म्हणजे घात. घरात टीव्ही, पंखा, कुकर, रेडिओ यांपैकी काय आहे, असाही एक प्रश्न होता. त्या आठवड्यात गावातले कुकर शिट्टी न वाजवता शिजत होते.

सगळ्यात अवघड प्रश्न कपड्यांचा होता. माणशी कपडे किती? दोनपेक्षा कमी तर शून्य गुण, दहा किंवा जास्त तर पूर्ण चार. ज्या दिवशी आमच्या आळीत मोजणी होती, त्याच दिवशी थोरल्या दादांचे जावई मुक्कामाला आलेले. जावई मलकापूरचा, हौशी माणूस. दोन दिवसांसाठी पाच शर्ट आणले होते आणि वहिनींनी ते कौतुकानं धुऊन अंगणातल्या तारेवर वाळत घातले होते. मोजणीवाले बाई आणि बुवा दारात उभे, तारेवर पाच शर्ट आणि दारिद्र्यरेषा वाऱ्यावर फडफडतेय. दादा शांतपणे म्हणाले, "ते आमचे नाईत. ते जावयाचे हायत." बुवांनी विचारलं, "मग तुमचे कुठं आहेत?" दादांनी अंगावरच्या बंडीकडे बोट दाखवलं. आत जावई लुंगीवर बसलेला, कारण शर्ट सगळे बाहेर. त्यामुळे घरात बिनशर्टाची माणसं दोन मोजली गेली आणि दादांचं पिवळं कार्ड वाचलं. जावई त्यानंतर सासुरवाडीला आला तर एकाच शर्टानं येतो. त्याला वाटतं, आपला अपमान झाला. दादांना वाटतं, जावई समंजस झाला.

ही सगळी तालीम कशासाठी, तर दवाखान्यासाठी. धान्य तर मिळायचंच, पण खरी भीती ऑपरेशनची असते. कापसाचा एक हंगाम बुडाला तर माणूस पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो; एक बायपास निघाला तर शेत जातं. १९९७ मध्ये राज्यानं दारिद्र्यरेषेखालच्या लोकांसाठी जीवनदायी योजना आणली. पुढे २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार. पिवळं कार्ड चालणार होतं आणि केशरीही. पण ती सुरू झाली फक्त आठ जिल्ह्यांत. त्या आठांत अमरावती होतं, बुलढाणा नव्हतं. आमच्या विभागाचं मुख्यालय पात्र आणि आम्ही वाट बघणारे. सव्वा वर्षाहून थोडं अधिक गेल्यावर, २०१३ च्या नोव्हेंबरात, योजना सगळ्या राज्यात लागू झाली. मधल्या काळात आबांच्या एका चुलतभावाचा हृदयाचा वाल्व खराब झाला. आबांनी त्यांना पाठवलेला निरोप गावात अजून सांगतात: "थोडा दम धर. आपला जिल्हा अजून आला नाई."

योजना आली तेव्हा माझ्या पांढऱ्या कार्डाला त्यात जागा नव्हती, ते ठीकच होतं. पण आमच्याकडे पांढरं कार्ड असलेले कितीतरी शेतकरी होते, ज्यांच्या कार्डाचा रंग कधीतरी एका बऱ्या वर्षात लागला आणि नंतरच्या दहा वाईट वर्षांत बदलला नाही. त्यांच्यासाठी एक वेगळं दार उघडलं. अमरावती आणि औरंगाबाद विभागांतले जिल्हे अधिक वर्धा, अशा १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबारा दाखवून उपचार मिळू लागले. या १४ जिल्ह्यांचं सरकारी नाव होतं 'शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्हे'. त्या दाराची चावी कोणी आणि कशी मोजून दिली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी पारावर कोणी पेढे वाटले नाहीत. सातबाऱ्याची झेरॉक्स तेवढी काढून आणली.

नंतर २०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आबांनी एकदाच विचारलं, "नाव बदललं, आता कार्ड बदलावं लागन का?" नाही म्हटल्यावर ते झोपले.

आता फ्रिज.

२००९ साली सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली आणि मला पितृभक्तीचं भरतं आलं. मी नांदुऱ्याहून फ्रिज घेऊन टेम्पोनं गावात आणला. लोक बघायला आले. आईनं त्यावर स्वस्तिक काढलं. भारनियमनाच्या काळात त्यात दूध बाहेरच्यापेक्षा थोडं उशिरा नासायचं, एवढाच उपयोग. त्यानंतर लवकरच सामाजिक, आर्थिक आणि जातीनिहाय गणना आली, सन २०११ ची. मोजणीवाल्यानं विचारलं, "फ्रिज आहे का?" आईनं अभिमानानं पदरानं दार पुसून दाखवलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं की यंदा प्रश्न बदललेत. गेल्या सर्व्हेत कपडे लपवायचे होते. या वेळी फ्रिज. आम्ही जुन्या पेपरचा अभ्यास करून नव्या परीक्षेला बसलो होतो.

त्या गणनेत ग्रामीण घर आपोआप बाद व्हायला १४ कारणं पुरेशी होती. दुचाकी असली की बाद. लँडलाइन फोन असला की बाद. पक्क्या भिंतींच्या तीन खोल्या असल्या की बाद. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजारांची असली की बाद. म्हणजे बँकेनं जास्त कर्ज द्यायचं कबूल केलं की सरकारनं तुम्हाला श्रीमंत समजावं. मासेमारीची इंजिनाची होडी असली तरी बाद. हे कलम वाचून मी पारावर सगळ्यांना धीर दिला. जगाला ठाऊक असलेलं आमच्या जिल्ह्यातलं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर, आणि ते तेव्हा इतकं खारं की त्यात मासा जगत नसे. होडीच्या पेपरात अख्खा जिल्हा पास होता. फ्रिजच्या पेपरात आमचं घर गेलं.

तेव्हा ते कळलं नाही. कळलं २०१८ च्या सप्टेंबरात, आयुष्मान भारत योजना आली तेव्हा. कुटुंबाला वर्षाला पाच लाख, आणि यादी कुठली तर २०११ च्या त्या गणनेतली. काही घरांना दिल्लीहून पंतप्रधानांचं पत्र आलं. गावात एका माणसाला पत्र आलं, जो २०११ मध्ये खरोखर मजूर होता आणि २०१८ पर्यंत दोन ट्रॅक्टर भाड्यानं देत होता. ते पत्र त्यानं लॅमिनेट करून ट्रॅक्टरच्या शोरूमच्या कॅलेंडरशेजारी लावलं. आमच्याकडे पत्र नाही. कॉम्प्युटर सेंटरवर चौकशी केली, तर नाव यादीत नाही. तोवर फ्रिज मरून चार वर्षं झाली होती. एका रात्री व्होल्टेज चढलं आणि त्यानं 'हूं' केलं, ते शेवटचं. मी सेंटरवरच्या मुलाला म्हटलं, "अहो, फ्रिज बंद आहे." तो म्हणाला, "सर, यादीत चालू आहे."

आबांनी हे ऐकलं, घरी आले, फ्रिज ओला फडका घेऊन पुसला आणि त्यात कागद भरायला सुरुवात केली.

याच गणनेतला एक निकष मात्र आरोग्य योजनेनं वगळला: घरात पंचविशीच्या वरचं कोणी साक्षर नसणं. बाकीच्या हलाखीला गुण आणि निरक्षरतेला नाही. मास्तर म्हणून मला आधी वाईट वाटलं. मग योजनेचा फॉर्म पाहिला आणि कारण पटलं. निरक्षर माणूस तो भरणार कसा?

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. मी त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मामा, इथं काही वेगळं नाही. तिथे गरिबांसाठी मेडिकेड नावाची योजना आहे. २०१० च्या कायद्यानं ती वाढवली आणि दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेले प्रौढ पात्र केले. पण वाढवायची की नाही हे २०१२ च्या कोर्टाच्या निकालानं राज्यांवर सोडलं. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की तोच माणूस पात्राचा अपात्र होतो. हे ऐकून मला अमरावतीची आठवण झाली. आता २०२५ मध्ये नवा कायदा झाला, आणि २०२७ पासून त्यातल्या पुष्कळ लोकांना महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागणार. मी हे आबांना समजावून सांगितलं. १३८ टक्क्यांवर ते थांबले. "शंभरातून एकशे अडतीस?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. "लय हुशार गरीब दिसतेत तिथले." मग ८० तासांवर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "त्याहिच्याकडं हजेरीपट कोन ठेवते?" रोजगार हमीवर खडी फोडलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार.

मध्यंतरी कोरोना आला. २०२० च्या मे महिन्यात साथीपुरतं राज्य सरकारनं ठरवलं की फुले योजनेत सगळेच पात्र, पांढरे कार्डवालेही. आम्हाला वाटलं, साथ संपली की रंग परत येतील. पण २८ जुलै २०२३ ला शासन निर्णय निघाला की राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, कार्ड कोणत्याही रंगाचं असो, पाच लाखांपर्यंत उपचार. प्रत्यक्ष सुरू झालं १ जुलै २०२४ ला. निर्णय आणि सुरुवात यांच्यामधले अकरा महिने आमच्याकडे कोणाला खुपले नाहीत. आमच्या शेजारी भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेला तिथे शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं, पापड, कुरडई, विड्याचं पान ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं, ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. पान म्हणजे राजा. सुमारे साडेतीनशे वर्षांची ही रीत. भाकीत ऐकायचं, मान डोलवायची आणि पेरणी पाऊस पडल्यावर करायची, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. शासन निर्णयही आम्ही तसाच वाचतो.

पण या वेळी पाऊस खरंच पडला, आणि मग गावात एक चमत्कारिक अस्वस्थता पसरली. मी पारावर जाहीर केलं, "आता सगळे पात्र." कोणी टाळी वाजवली नाही. आबांनी विचारलं, "सगळे? मंग अपात्र कोन?" मी म्हटलं, कोणीच नाही. ते म्हणाले, "अशी योजना नसते."

सगळ्यात जास्त दुखावले गेले थोरले दादा. पंचवीस वर्षं त्यांनी ते पिवळं कार्ड जपलं. त्यासाठी दुचाकी पोराच्या नावावर घेतली, जावयाला उघडं बसवलं, घराची तिसरी खोली बांधून तिला 'गोठा' म्हणाले आणि खरोखर एक वासरू आणून बांधलं. आणि आज त्यांचा मास्तर भाऊ, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, पांढऱ्या कार्डावर त्यांच्या बरोबरीनं रांगेत. "मंग मी एवढे दिवस कायले गरीब रायलो?" त्यांनी मला विचारलं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शेगावला महाराजांच्या प्रसादाच्या रांगेत कोणी कार्ड विचारत नाही, तिथे दादा आनंदानं जेवतात. पण तो देवाचा कारभार. सरकारच्या पंगतीत सगळ्यांना वाढायला लागले, तर दादांना वाटतं, आपल्या पानातलं काहीतरी कमी झालं.

मग गेल्या वर्षी आबांच्या पोटात कळा आल्या. मुतखडा. घाटाखालचा माणूस मोठ्या दुखण्याला अकोल्याला जातो. घाटावरचा संभाजीनगरला, तिथल्या सरकारी दवाखान्याचं नावच घाटी. जिल्ह्याला स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज २०२४ मध्ये मिळालं, त्याचं बस्तान बसतंय. आम्ही शेजारच्या जिल्ह्यातल्या, योजनेशी जोडलेल्या एका अंगीकृत दवाखान्यात गेलो. 'अंगीकृत' हा शब्द आबांना आता पाठ आहे. दत्तक घेतलेला दवाखाना, असा त्यांनी त्याचा अर्थ लावलाय.

मी निर्धास्त होतो, कारण आता सगळे पात्र. काचेच्या खिडकीमागे योजनेचा आरोग्यमित्र होता. बिचारा चांगला मुलगा, दिवसाला शंभर पिशव्या बघणारा. त्यानं रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर मागितला. तो सापडला. मग आधार. रेशन कार्डावर आबांच्या नावात एक काना कमी आणि आधारवर एक वेलांटी जास्त. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे सिद्ध करायला तो माणूस स्वतः पोट धरून समोर बसला होता, पण तो कागद नव्हता. वेलांटीचं मिटलं तर अंगठा उठेना. साठ वर्षं निंदण, वखर आणि कापूस वेचणी केलेल्या अंगठ्यावर रेषा उरलेल्याच नव्हत्या. मशीनचा लाल दिवा बघून आबा म्हणाले, "घासून घासून गेल्या बाप्पा." ओला रुमाल, कोरडा रुमाल, दुसरा अंगठा, मधलं बोट, असं करत शेवटी डाव्या करंगळीनं हिरवा दिवा लावला. आबांची ती करंगळी आयुष्यभर कामचुकार होती. तिचाच उपयोग झाला.

"सत्तरच्या वर असतील तर वय वंदना कार्डही निघेल," आरोग्यमित्र म्हणाला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न विचारता ते मिळतं. आबांचे डोळे चमकले. गांधीबाबा जायच्या पाच वर्षं आधीचा जन्म, असं आजीनं सांगून ठेवलेलं. म्हणजे सत्तरी कधीच सरली. पण आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५७. आमच्या गावातल्या त्या पिढीचे बरेच जण १ जानेवारीलाच जन्मले, वर्ष मात्र आधार काढणाऱ्यानं चेहरा बघून टाकलं. आबा तेव्हा नुकतीच दाढी करून गेले होते. सगळं आयुष्य उत्पन्न खाली ओढण्यात गेलं. आता वय वर ढकलायचं होतं. आबा हिशोबाला तयारच होते, पण मी त्यांना आवरलं. कळा वाढत होत्या.

सोनोग्राफी झाली आणि आरोग्यमित्रानं आणखी एक यादी उघडली. योजनेत तेव्हा १३५६ उपचार होते. खडा किती मिलिमीटरचा, कुठे अडकला, त्यावर कोणता उपचार आणि तो त्या १३५६ मध्ये कोणता, हे बसवून मंजुरी घ्यायची. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणसं सगळी पात्र झाली, हे खरं. आता पात्रता आजाराकडे गेली होती. पूर्वी आपण गरीब आहोत का हे बघायचे, आता आपलं दुखणं यादीतलं आहे का ते. आबांना हे मला समजावून सांगावं लागलं नाही. तिकडे मंजुरीची वाट बघताना ते पोटावर हात ठेवून म्हणाले, "मी तं पास झालो. आता खडा पास होते का पाहू."

खडा पास झाला. ऑपरेशन झालं, बिलाच्या खाली शून्य आलं. आबांनी त्या शून्याकडे किती वेळ बघितलं म्हणून सांगू. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. डिस्चार्जच्या वेळी दवाखान्यानं नवे अकरा कागद दिले. आबांनी ते हातावर तोलले आणि समाधानानं पिशवीत घातले. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "खडा कुठी हाय?"

डॉक्टर हसले. तुकडे होते, बाटलीत घालून दिले. मला वाटलं, हौस म्हणून मागितले असतील. आमच्याकडे लोक काढलेला दातही जपतात.

गावात आल्यावर आबांनी चहासुद्धा घेतला नाही. सरळ फ्रिजकडे गेले. दार उघडलं. अंड्यांच्या खळग्यातली मधल्या भावाच्या फोटोंची गुंडाळी उचलून शेजारच्या खळग्यात सारली आणि रिकाम्या जागी ती बाटली उभी केली.

"आबा, हे कशाला?" मी विचारलं.

"राहू दे," ते दार लावत म्हणाले. "उद्या नियम बदलला अन् कोनी इचारलं, खडा व्हताच कशावरून, तं?"